चक्कर मारायची सायकल

रविवारी पहाटे साडेपाचला पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर किंवा बोपदेव घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर उभे राहिले, की सायकलस्वारांचे थवेच्या थवे दिसतात. अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, डोक्यावर हेल्मेट, मनगटावर नाडीचे ठोके मोजणारे घड्याळ. सायकल अशी, की तिची किंमत ऐकून घरातल्या ज्येष्ठांनी ‘एवढ्यात तर स्कूटर आली असती’ असे एकदा तरी म्हटलेले असते. पन्नास-साठ किलोमीटर करून ही मंडळी घरी परततात, पोह्यांवर ताव मारतात आणि अकराच्या सुमारास स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘अहो, कोथिंबीर संपलीय.’ मग तोच सायकलस्वार स्कूटरचे बटण दाबतो आणि चारशे मीटरवरच्या भाजीवाल्याकडे जाऊन येतो. सायकल भिंतीवरच्या हुकाला टांगलेली राहते, पुढच्या रविवारपर्यंत.

पहाटेची झोप मोडून घाट चढणाऱ्याची चेष्टा करण्याचे काहीच कारण नाही. तो कौतुकालाच पात्र आहे. पण कोथिंबिरीच्या त्या चारशे मीटरमध्ये काहीतरी हरवले आहे आणि आरोग्याच्या हिशोबात ते घाटाहून लहान नाही.

मराठीत त्यासाठी एक नेमका शब्द आहे, चक्कर. ‘जरा एक चक्कर मारून येतो’ म्हणणाऱ्याला कुठे जायचे आहे हे कुणी विचारत नाही, कारण त्यालाही ते धड ठाऊक नसते. पोस्टात पत्र टाकायचे असते, पिठाच्या गिरणीत डबा ठेवायचा असतो, मित्राच्या घरावरून जाताना तो खिडकीत दिसतो का पाहायचे असते. दवाखान्यात हाच शब्द वेगळ्या अर्थाने उच्चारला जातो आणि तिथे त्याच्याबरोबर रक्तदाब, साखर, मान यांच्या तपासण्या येतात. पहिल्या प्रकारच्या चकरा आयुष्यातून कमी झाल्या आणि दुसऱ्या प्रकारच्या वाढल्या, असा सरळ कार्यकारणभाव कुणी लावू नये. पण दोन्ही गोष्टी साधारण एकाच काळात घडल्या, हे नाकारता येत नाही.

पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की सायकलींचा लोंढा बाहेर पडे. महाविद्यालयांच्या आवारात सायकलींच्या रांगांमधून आपली सायकल शोधणे हे एक कामच असे. कोपऱ्याकोपऱ्यावर तासाच्या भाड्याने सायकली मिळत. छोटी मुले दांडीखालून पाय घालून ‘हाफ पेडल’ मारत शिकत, गुडघे फोडून घेत आणि तास संपायच्या आत सायकल परत करायला जिवाच्या आकांताने धावत. रात्री दिव्याशिवाय सायकल चालवली किंवा डबलसीट बसवले तर पोलीस अडवत. १९७२ मध्ये लूना आली. पेडल असलेली, पण मारावे न लागणारी. पुढे स्कूटर, मग मोटारी. २०१८ च्या सुमारास शहरातल्या नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या. थोड्याफार फरकाने नाशिक, सांगली, सोलापूर, कोल्हापूर इथेही हेच झाले.

सायकल तशी नाहीशी झालेली नाही. २०११ च्या जनगणनेत देशातल्या जवळपास ४५ टक्के घरांत सायकल असल्याची नोंद आहे. झाले असे, की ती दोन टोकांना विभागली गेली. एका टोकाला पहाटे पेपर टाकणारा मुलगा, बारा तासांच्या पाळीला निघालेला सुरक्षारक्षक, कॅरिअरला डबा बांधून बांधकामावर जाणारा गवंडी. त्यांना पर्याय नाही म्हणून ते सायकल चालवतात आणि पहिली संधी मिळताच हप्त्यावर मोटारसायकल घेतात. दुसऱ्या टोकाला रविवारचे थवे. एकाची सायकल म्हणजे गरज, दुसऱ्याची म्हणजे कसरत. या दोहोंच्या मध्ये जी साधी, काळी, स्टँडवर उभी राहणारी, कॅरिअर आणि घंटी असलेली, चक्कर मारायची सायकल होती, ती मात्र मध्यमवर्गाच्या घरातून निघून गेली. तिच्यावर बसलेला माणूस आज गरीब तरी समजला जातो, नाहीतर विक्षिप्त तरी.

हे आरोग्याच्या सदरात लिहिण्याचे कारण असे, की व्यायामाविषयीचा अलीकडचा विचार या मधल्या सायकलीकडेच बोट दाखवतो.

प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पूर्वी त्याला एक अट जोडलेली असे. सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल हिशोबात धरू नये. २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ही अट काढून टाकली गेली. पाच मिनिटे, सात मिनिटे, जे काही होईल ते सगळे धरायचे. कागदावर हा बदल एका ओळीचा आहे, पण त्याचा अर्थ मोठा आहे. व्यायामासाठी दिवसातून वेगळा तास काढला नाही तर सगळे फुकट, ही समजूत त्याने मोडीत निघते. दूध आणायला जाणेही मोजले जाते.

मध्यम श्रम म्हणजे किती? शांत बसलेले असताना शरीर जेवढी ऊर्जा वापरते, त्याच्या तीन ते सहा पट. ताशी पंधरा किलोमीटरच्या आत, आरामात सायकल चालवताना ती साधारण चार पट असते. म्हणजे घाट नाही, घाम नाही, शर्यत नाही, तरीही आपण नेमके त्या पट्ट्यात असतो. दोन किलोमीटरवरच्या बँकेत ताशी बारा किलोमीटरने गेले तर दहा मिनिटे लागतात. जाऊन-येऊन वीस. आठवड्यातून पाच दिवस असे कुठेतरी गेले, तर शंभर मिनिटे झाली आणि व्यायाम करायला म्हणून एकदाही बाहेर पडावे लागले नाही.

भारतात हा हिशोब अधिक महत्त्वाचा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या जागतिक आढाव्यात भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नसल्याचे दिसले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के होते. इतक्या लोकांना जिममध्ये पाठवणे अशक्य आहे, आणि पाठवले तरी ते टिकणार नाहीत. जानेवारीत भरलेल्या वार्षिक फीचे मार्चमध्ये काय होते, हे बहुतेक घरांना ठाऊक आहे.

का टिकत नाहीत, याचे उत्तर आळस असे आपण देतो आणि मोकळे होतो. व्यायामाच्या मानसशास्त्राचा अभ्यास करणारे वेगळे सांगतात. माणूस हालचाल करत असताना त्याला त्या क्षणी कसे वाटते, हे त्यांनी मोजायला सुरुवात केली. संपल्यानंतर नव्हे, चालू असताना. कारण संपल्यानंतर जवळपास सगळ्यांनाच बरे वाटते. डोके दुखायचे थांबल्यावरही बरे वाटतेच. त्यात असे दिसले, की श्रम एका मर्यादेपर्यंत असताना बहुतेकांना सुखद वाटते. श्वास धापेत बदलू लागतो त्या टप्प्यापलीकडे मात्र आनंद झपाट्याने उतरतो. २००८ मध्ये अमेरिकेत बैठे जीवन जगणाऱ्या प्रौढांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात, मध्यम श्रमाच्या वेळी ज्यांना अधिक बरे वाटले, ते सहा महिन्यांनी आणि वर्षानेही अधिक हालचाल करताना आढळले. अभ्यास लहान होता, त्यावर इमले बांधू नयेत. पण आजीबाईच्या शहाणपणाशी तो जुळतो. जे आवडते ते माणूस पुन्हा करतो, आणि जे पुन्हा केले जाते तेच औषध लागू पडते.

म्हणून आनंद ही इथे शोभेची गोष्ट नाही. गोळीवरचे साखरेचे आवरण नव्हे, तो गोळीचाच भाग आहे. आणि सायकलच्या छोट्या फेरीत हा आनंद येतो कुठून, हे पाहण्यासारखे आहे. त्यातला बराचसा चक्क भौतिकशास्त्रातून येतो.

चालणाऱ्या माणसाला प्रत्येक पावलागणिक आपले वजन थोडे उचलावे आणि थोडे सावरावे लागते. सायकलवर ते वजन सीट पेलते, पाय फक्त गोल फिरतात. १९७३ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात एस. एस. विल्सन यांनी प्राणी आणि यंत्रे यांची तुलना मांडली होती. एक ग्रॅम वजन एक किलोमीटर नेण्यासाठी कोणाला किती ऊर्जा लागते, अशी ती तुलना. चालणारा माणूस त्यात बऱ्यापैकी वर होता. तोच माणूस सायकलवर बसला, की चालण्याच्या साधारण पाचव्या हिश्शात काम भागे आणि तो साऱ्यांच्या पुढे जाई. सपाट रस्त्यावर दोन पेडले मारून पाय थांबवावेत आणि फ्रीव्हीलचा तो बारीक टिकटिक आवाज ऐकत दहा-वीस मीटर नुसते वाहत जावे, हे सुख त्या हिशोबातूनच आलेले असते. फुकट काहीतरी मिळाल्याची भावना होते, आणि ती खोटी नसते.

पण यात एक मेख आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्याविरुद्ध लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग बारावरून चोवीसवर नेला, तर केवळ हवा कापण्यासाठी आठपट ताकद लागते. शर्यतीतले सायकलस्वार हँडलवर वाकतात ते याचसाठी. चक्कर मारणारा ताठ बसतो, इकडेतिकडे बघतो, ओळखीच्यांना मान डोलावतो, कारण त्या वेगात हवेने त्याच्याशी अजून भांडण काढलेले नसते. उलट तीच हवा त्याचा घाम वाळवते. पुण्यातल्या फेब्रुवारीतही पायी भरभर चालणारा ओलाचिंब होतो. तेवढेच श्रम करणारा सायकलस्वार कोरडा पोहोचतो आणि पोहोचून थांबल्यावर मग घाम फुटतो. हे माहीत असलेले लोक शेवटचे शंभर मीटर सावकाश जातात.

तोल सावरण्याची गंमत आणखी निराळी. सायकल पडत का नाही, हा प्रश्न शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे पुरला आहे. फिरत्या चाकांमुळे ती उभी राहते, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले असे. २०११ मध्ये नेदरलँड्समधील डेल्फ्ट आणि अमेरिकेतील कॉर्नेल या विद्यापीठांतील संशोधकांनी अशी एक विचित्र सायकल बनवली, जिच्यात चाकांच्या फिरण्याचा तो परिणामच नाहीसा केलेला होता. तरीही ढकलून दिल्यावर ती स्वारावाचून तोल सांभाळत गेली. मुख्य मर्म हे, की ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला सायकल स्वतःच वळते आणि स्वतःखाली येते. स्वारही नकळत तेच करत असतो. लहानपणी एकदा हे शिकलेले मेंदूचा जो भाग जपून ठेवतो, तिथे शब्द नसतात. म्हणूनच तीस वर्षांनी सायकलवर बसलेला माणूस पहिले दहा मीटर लटपटतो आणि अकराव्या मीटरला हसतो. ते हसू पाहायला सायकल दुरुस्तीच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहावे. दुरुस्त झालेली सायकल चालवून बघायला निघालेले पन्नाशीचे गृहस्थ गल्लीच्या टोकाला वळून परत येईपर्यंत वेगळेच झालेले असतात.

शरीराच्या बाजूने पाहिले, तर गुडघे दुखणाऱ्यांना यात विशेष रस असावा. संवेदक बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यांमधून प्रत्यक्ष भार मोजला गेला आहे. सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. हलक्या हाताने सायकल चालवताना तो जेमतेम एका वजनाइतका असतो. अट एकच, सीट फार खाली नको. पेडल सर्वांत खाली असताना पाय जवळजवळ सरळ, गुडघा किंचित वाकलेला, इतपत उंची हवी. पाय जमिनीला पूर्ण टेकावेत म्हणून सीट खाली दाबून घेणारे अनेक जण वाटीच्या मागे दुखणे ओढवून घेतात आणि दोष सायकलला देतात. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. भार कमी म्हणजे हाडांना मिळणारी चालनाही कमी. हाडांची घनता टिकवायला सायकल पुरत नाही. त्यासाठी चालणे, जिने चढणे, वजन उचलणे लागतेच.

रक्तातल्या साखरेचे गणित मात्र छोट्या फेरीच्या पूर्ण बाजूने आहे. स्नायू आकुंचन पावू लागले, की ते रक्तातली साखर आत ओढून घेतात आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. ज्यांचे शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले आहे, त्यांच्यासाठी हा मागचा दरवाजा फार मोलाचा. मांड्यांचे स्नायू हे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू आणि पेडल मारणारे तेच. जेवणानंतर साखर चढत असते त्या वेळेत दहा-पंधरा मिनिटांची हलकी फेरी, म्हणजे रात्री पान खायला किंवा गोळ्या आणायला सायकलवर जाऊन येणे, सकाळच्या तासाभराच्या जोडीला चांगलेच कामाला येते. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. हृदयविकार असलेल्यांनी, चक्कर येत असेल त्यांनी (इथे दुसऱ्या अर्थाची) आधी डॉक्टरांशी बोलावे.

याहून मोठे दावेही वाचायला मिळतात. ब्रिटनमधल्या २ लाख ६३ हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीचा निष्कर्ष २०१७ मध्ये ‘बीएमजे’त आला. कामावर सायकलने जाणाऱ्यांमध्ये कोणत्याही कारणाने होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण मोटार किंवा बसने जाणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी आढळले. आकडा डोळे दिपवणारा आहे, म्हणून जरा सावरून घ्यावा. सायकलने जाणारे मुळातच अधिक निरोगी असू शकतात. संशोधकांनी वय, धूम्रपान, आहार वगैरेंचा हिशोब केला असला तरी सगळेच मोजता येत नाही. शिवाय ती रोज कामावर जाण्या-येण्याची सायकल होती, कोथिंबिरीची नव्हे. छोट्या फेरीने ४१ टक्के मिळतील असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. मात्र अजिबात हालचाल न करणारा जेव्हा थोडी हालचाल करू लागतो, तेव्हा त्याला होणारा फायदा सर्वांत मोठा असतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. शिडीची पहिली पायरी सर्वांत उंच असते आणि चक्कर ती पायरी आहे.

इथवर वाचून कुणीही म्हणेल, की हे सगळे खरे, पण रस्त्यावर जीव कोण घालणार?

ही सबब नाही, अत्यंत वाजवी भीती आहे. आणि सायकलचे गोडवे गाणारे लेख नेमके इथेच पाय लावून पळतात. मागून येणारा डंपर, उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल, उभ्या मोटारीचे अचानक उघडणारे दार, पावसाळ्यात पाण्याखाली दडलेला खड्डा. हे सगळे पत्करून ‘आनंद घ्या’ म्हणणे हा क्रूरपणा ठरेल. शहरांत सायकल मार्ग आखले गेले, त्यांवर पैसे खर्च झाले. त्यातल्या कित्येकांवर आज मोटारी उभ्या असतात, कुठे वडापावची गाडी, कुठे मध्येच विजेचा खांब. पुण्यात २०१७ मध्ये शहरभरासाठी सायकल आराखडा मंजूर झाला, भाड्याच्या सायकलींच्या योजना वाजतगाजत आल्या आणि थोड्याच काळात त्या सायकली दिसेनाशा झाल्या. मार्ग सलग नसेल तर तो मार्ग नसतो. अर्ध्या वाटेत संपणाऱ्या जिन्याचा उपयोग किती?

सायकलींचा देश म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्या नेदरलँड्समध्येही हे आपोआप झालेले नाही. १९७१ मध्ये तिथे रस्त्यावर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यात चारशेहून अधिक मुले होती. संतापलेले आईबाप रस्त्यावर उतरले. ‘मुलांची हत्या थांबवा’ हे त्यांच्या चळवळीचे नावच होते. त्यापुढच्या दशकांत रस्ते बदलले. आज जे चित्र पर्यटक टिपून आणतात, त्याच्या मुळाशी ती हत्या आणि तो संताप आहे. वस्तीतून जाणाऱ्या रस्त्यावर वाहनांचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत हवा, हे आता जगभर मान्य झालेले सूत्र आहे. सायकलस्वार जितके वाढतात, तितका प्रत्येकाचा धोका कमी होतो, असेही दिसून आले आहे. कारण वाहनचालकाला त्यांची सवय होते. पण आधी कुणी वाढायचे, हा प्रश्न नागरिकांवर ढकलून महापालिकांना मोकळे होता येणार नाही.

तरीही छोट्या फेरीला लांब फेरीपेक्षा एक सोय आहे. तिला हमरस्ता लागतोच असे नाही. प्रभात रस्त्याच्या गल्ल्या, जुन्या सोसायट्यांमधले आतले रस्ते, नदीकाठ, शाळेमागची वाट, अशा कडेकडेने तीन मिनिटे जास्त घेऊन जाता येते. मोटारीच्या नकाशात हे रस्ते नसतातच. तिथे बेकरीतला खारीचा वास येतो, कुणाच्या तरी घरात तबल्याचा रियाज चाललेला असतो, संध्याकाळी रातराणी असते. मोटारीत बसून यातले काही कळत नाही. पायी कळते, पण पायी गेले तर फेरी एका गल्लीपुरतीच राहते. सायकलवर अर्ध्या तासात सगळे जुने पेठपण किंवा सगळा नवा भाग हुंगून होतो. कुठेही थांबता येते आणि पार्किंग शोधावे लागत नाही.

हवेचे काय, असाही प्रश्न असतो. सायकलवर श्वास खोल घेतला जातो, म्हणजे धूरही जास्त आत जातो. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांच्या नेतृत्वाखाली २०१६ मध्ये याचे गणित मांडले गेले. जगातल्या बहुतेक शहरांत हालचालीचा फायदा प्रदूषणाच्या तोट्याहून जास्त ठरला. दिल्लीसारख्या अतिप्रदूषित शहरातही आठवड्याला पाच तासांहून अधिक सायकल चालवल्यावरच पारडे फिरते, असे ते सांगते. चक्कर मारणारा त्या पाच तासांच्या आसपासही जात नाही. अर्थात हिवाळ्यातल्या धुरकट सकाळी, दम्याचा त्रास असेल तर, घरी बसण्यात कमीपणा नाही.

स्त्रियांची गोष्ट वेगळी लिहायला हवी. आज पंचावन्न-साठीच्या असलेल्या कितीतरी पुणेकर स्त्रिया परकर-पोलक्यातून साडीत आल्या त्या सायकलवरूनच. कॉलेजला जाताना तिघी-चौघी रस्ता अडवून गप्पा मारत जायच्या. लग्नानंतर सायकल गेली, मग स्कूटी आली, आणि आता गुडघे आले. दवाखान्यात ‘रोज पाऊण तास चाला’ असे सांगितले जाते. पाऊण तास मोकळा असता तर काय हवे होते? सकाळी डबे, मग सासऱ्यांची औषधे, संध्याकाळी नातवंड. त्यांच्या दिवसात व्यायामाचा तास नाही, पण कामाच्या चकरा मात्र दहा आहेत. वाण्याकडे, औषधांच्या दुकानात, पाळणाघरात, भजनी मंडळात. त्यातल्या दोन जरी सायकलवर गेल्या, तरी डॉक्टरांनी सांगितलेला वेळ वेगळा काढावा लागत नाही. आड येते ते ‘या वयात? लोक काय म्हणतील?’ लोक पहिले आठ दिवस काहीतरी म्हणतात. नवव्या दिवशी शेजारीण विचारते, ‘काकू, ही दांडी नसलेली सायकल कुठून घेतली?’

सुरुवात करायची तर नवी सायकल घेण्याची घाई नको. बहुतेक इमारतींच्या जिन्याखाली किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात मुलांनी टाकून दिलेली एक तरी सायकल धूळ खात असते. तिला दुकानात न्यावे, टायर-ट्यूब बघून घ्यावे, ब्रेकचे रबर बदलावे, चेनला तेल द्यावे. पुढे जाळीची बास्केट किंवा मागे कॅरिअर लावून घ्यावे, कारण सामान ठेवायला जागा नसेल तर सायकल पुन्हा व्यायामाचे यंत्र होते. मागचा लाल दिवा आणि घंटी हवीच, हेल्मेट घातले तर उत्तमच. किल्ली चपलांच्या शेजारी, स्कूटरच्या किल्लीच्या पुढे टांगावी. हवा आठवड्याने भरावी. कमी हवेची सायकल जड चालते आणि माणसाला वाटते आपलेच वय झाले.

आणि पहिल्या दिवशी लांब जाऊ नये. कोथिंबीर आणावी. येताना वाटल्यास एक गल्ली जास्त घ्यावी.